मामंजींची नांगरणी

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही काम स्वतःच्या हाताने केलं नाही, आणि एकही काम 'मी केलं' म्हटल्याशिवाय सोडलं नाही. परसातली विहीर त्यांनी खणली होती. घराची कौलं दर वैशाखात तेच शाकारत. कैरीचं लोणचंही तेच घालत. सासूबाई आपल्या फक्त कैऱ्या फोडत, मसाला कालवत आणि बरण्यांना दादरे बांधत. लग्न होऊन गोरेगावला आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, काय कामसू माणूस आहे हा! मग हळूहळू लक्षात आलं, की मामंजी जिथे आरामखुर्ची टाकून बसतात तिथे समोर जे काही घडेल ते त्यांनी केलेलं असतं.

ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. ही सवय त्यांना तिथेच लागली असणार. कागदावर 'काम पूर्ण केले' असं लिहून खाली सही ठोकली की काम झालं, मग खड्डा कोणी का खणेना. आणि सवय त्यांच्या एकट्याची नव्हती. आमच्या आजूबाजूला पेन्शनरांची जी सात-आठ घरं होती त्यांतला प्रत्येक जण असाच बागा फुलवत होता, कुंपणं घालत होता, आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन 'आज फार दमलो बुवा' म्हणत चहा पीत होता. धोतराला मातीचा डाग नाही आणि तोंडाने अखंड शेती. मी चहा देता देता त्यांच्या हातांकडे बघायचे. तांदळाच्या पिठासारखे मऊ हात.

घराला लागून आमची वाडी होती. सिनेमाच्या स्टुडिओमागे जी मोकळी जमीन पसरली होती तिच्यातला तो एक तुकडा, मामंजींनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घेतलेला. घेतला तेव्हाच त्यात एक कुटुंब राबत होतं. आधी बाप, तो गेल्यावर मुलगा आणि त्याची बायको. पावसाळ्यात भात, भात कापलं की वांगी, मुळा, माठ, वाल. ठरलेला वाटा आमच्या घरी आणून टाकायचा आणि उरेल त्यात आपलं भागवायचं, अशी त्यांची आणि मामंजींची जुनी रीत. वाडीच्या कोपऱ्यात त्यांचं कुडाचं खोपट होतं. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

मग कूळकायद्याची हवा आली. कसेल तो मालक होणार, असं लोक बोलायला लागले आणि पेन्शनर मंडळींची झोप उडाली. आपल्या भागातली कुठली जमीन कायद्यात येते आणि कुठली नाही, हे त्यांतल्या एकालाही धड माहीत नव्हतं. पण धास्ती घ्यायला माहिती कशाला लागते? आमच्या घरात 'कूळ' हा शब्द उच्चारायचीच बंदी झाली. मामंजींनी आम्हाला सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "यापुढे गडी म्हणायचं. गडी! आपण पगार देतो, तो काम करतो." पगार कधीच कोणी दिला नव्हता. पण मामंजींनी म्हटलं म्हणजे दिलाच.

आणि जमीन आपण स्वतः कसतो हे जगाला दिसावं म्हणून त्यांनी ट्रॅक्टर आणला.

ट्रॅक्टर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसलं काही ते नव्हतं. लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेल्या जुन्या मालातून, डिस्पोजलमधून आणलेला, बागेत चालवायचा, दोन चाकांचा ठेंगू प्रकार. बैलांच्या मागे चालावं तसं त्याच्यामागे दोन दांडे धरून चालायचं. पुढे एका सिलिंडरचं इंजिन, त्याच्या चाकाला दोरी गुंडाळून हिसका मारला की सुरू. ठिणगी पाडणारं मूळचं यंत्र लढाईत कुठेतरी गळून पडलं होतं. त्याच्या जागी डिस्पोजलवाल्याने एका पेटीत बॅटरी, एक कॉइल आणि मोटारीचं जुनं किल्लीचं स्विच बसवून दिलं होतं. तारा सगळ्या बाहेर लोंबायच्या. तरी चालायचा बिचारा.

चालवायचा अर्थातच गडी. हा गडी काही देवमाणूस नव्हता. तोंडात कायम तंबाखू, विचारलं ते एका शब्दात सांगणार नाही, आणि चांगली वांगी आधी बाजारात जायची, किडकी आमच्या वाट्यात. पण तो नांगरायचा. मामंजी जांभळाखाली खुर्ची टाकून बसायचे, मधूनच काठी वर करून "डावीकडे, डावीकडे!" म्हणायचे, आणि रात्री जेवताना सांगायचे, "आज मी अर्धी वाडी काढली." यावर माझा नवरा पानावरून मान वर करून कौतुकाने म्हणायचा, "बाबा, या वयात जरा बेताने घ्या." चेष्टेने नाही, मनापासून. हा गृहस्थ एका कचेरीत लोकांचे हिशेब तपासायचा. त्या लोकांची मला काळजी वाटायची.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. त्या घरात याचा उपयोग पाहुण्यांना सांगायला व्हायचा. "सून सायन्स ग्रॅज्युएट आहे," असं म्हणून मामंजी मला हाक मारायचे, आणि मी बाहेर आले की चहा टाकायला सांगायचे.

एका वर्षी, भात कापून झाल्यावर, बातमी आली की महसूल खात्याचे सर्कलसाहेब वाडीच्या पाहणीला येणार. जमीन प्रत्यक्ष कोण कसतं ते जागेवर येऊन बघणार. त्या दिवसापासून मामंजींच्या अंगात वारं शिरलं. पाहणी पार पडली की गड्याला काढायचा, खोपट मोडायचं आणि त्याच जागी ट्रॅक्टरला शेड बांधायची, हे त्यांनी आमटी भुरकता भुरकता जाहीर केलं. दोन पिढ्या त्या जमिनीत राबलेल्या माणसांना उठवायचं, आणि तिथे राहणार कोण, तर डिस्पोजलचा ट्रॅक्टर! सासूबाई भात वाढत होत्या, त्या वाढत राहिल्या.

आता साहेब येणार म्हटल्यावर कचेरीतल्या माणसाला पहिलं काय सुचतं? रंग. कचेरीत मोठा साहेब यायचा असला की आधी भिंती रंगवायच्या, मग भिंत आतून पोखरलेली असली तरी हरकत नाही. मामंजींनी स्टुडिओतला एक रंगारी धरून आणला. सिनेमाचे राजवाडे रंगवायचे हा त्याचा धंदा. पुढून संगमरवर, मागून गोणपाट. पण काम त्याने मन लावून केलं, एवढं म्हणायला हवं. ट्रॅक्टरचे नट-बोल्ट, पट्ट्या, पेट्या सगळं सुटं केलं, एकेका तुकड्याला शेंदरी अस्तर दिलं, त्यावर पोपटी रंगाचे दोन हात मारले आणि वाळल्यावर सगळं होतं तसं बसवलं. इंजिनही सोडलं नाही. पुढच्या बाजूला पिवळ्या रंगात 'श्री' काढला. ओट्यावरची मंडळी बघायला आली तेव्हा मामंजी म्हणाले, "चार दिवस खपत होतो."

आणि ट्रॅक्टर सुरू होईना.

गड्याने हिसके मारून मारून दोरी तोडली. नवी दोरी आणली. इंजिन नुसतं फुसफुस करायचं आणि थांबायचं. मग मामंजींचे एक स्नेही मदतीला धावले. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. सिग्नल खात्यात म्हणजे विजेतलं सगळं कळतं, असं त्यांचं आणि मामंजींचं ठाम मत. प्रत्यक्षात ते तिथे सामानाच्या पावत्या फाडत होते, हे सासूबाईंनी मला नंतर सांगितलं. त्यांनी आधी प्लग पुसला. मग पेट्रोल बदलायला लावलं. मग एकेक तार सोडून ती उन्हात धरून बघितली, जणू आत करंट अडकलेला दिसेल.

"करंट शिरतोय," ते गंभीरपणे म्हणाले, "पण पोचत नाहीये."

"तेच तर मी म्हणतोय!" मामंजी म्हणाले. त्यांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या तारा नव्या घातल्या, म्हणजे गड्याने धरल्या आणि स्नेह्यांनी सांगितल्या. तरी ढिम्म. मग कॉइल गेली असं ठरलं, मग बॅटरी गेली, मग किल्ली. साकीनाक्याला असली इंजिनं दुरुस्त करणारे कारखाने होते. तिकडे न्या, असं माझ्या नवऱ्याने सुचवलं. वर्षातून एखादवेळी त्याला काहीतरी सुचायचं. मामंजींनी ते झटकून टाकलं. "तिकडे नेलं की आतलं चांगलं सामान काढून घेतात. सगळे चोर."

मी चहाचे कप उचलता उचलता एकदा म्हटलं, "रंग द्यायच्या आधी चालत होता."

स्नेही मोठ्याने हसले. "सूनबाई, करंट तारेतून जातो. रंगातून नाही जात."

त्या माणसाच्या तोंडून आठवडाभरात निघालेलं हे एकच शास्त्रशुद्ध वाक्य, आणि त्याचा अर्थ त्यांना स्वतःलाच कळलेला नव्हता. मला मात्र लख्ख कळला. मी कप घेऊन आत गेले. सांगितलं असतं तर? तर मी चुकीची ठरले असते, मग दोन दिवसांनी तेच स्नेह्यांच्या ध्यानात आलं असतं, आणि मामंजींनी ते दुरुस्त केलं असतं. शिवाय तो दुरुस्त व्हायलाच मला नको होता. खोपट मोडायला निघालेल्या ट्रॅक्टरला मी कशाला हात लावू? पडू दे की बंद.

पण पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी ओट्यावरचं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू आलं. स्नेही म्हणत होते, "अहो, चालायला हवा कशाला? साहेब बघणार, नांगरून थोडीच घेणार? वाडीच्या मधोमध उभा करा. हार घाला. विचारलंच तर सांगा, पार्ट यायचाय. मशीन आहे म्हणजे मालक स्वतः कसतो, झालं!"

"आणि गडी?"

"गड्याला खुरपं देऊन लांब बसवा विहिरीपाशी. रोजावर आहे म्हणायचं."

मामंजींचा जीव एवढा भांड्यात पडला, की त्यांनी कांदेभज्यांची फर्माईश केली.

मी चुलीपाशी बसून भज्यांचं पीठ रागाने फेटत होते. माझा सगळा हिशेब उलटा निघाला होता. बंद पडलेला ट्रॅक्टर मामंजींना जास्त सोयीचा होता! चालत नाही म्हणून चालवून दाखवायचा प्रश्न नाही, आणि समोर पोपटी रंगात उभा आहे म्हणून पुरावा. त्यातून मामंजींना बोलायला अडवणारं कोण? 'मी नांगरतो' हे ते इतक्या सहज म्हणत, की साहेबाला खरंच वाटलं असतं. ते खोटं बोलतच नव्हते, तीच तर पंचाईत. त्यांना खरंच वाटायचं आपण नांगरतो.

म्हणजे ट्रॅक्टर चालू झाला, तरच कोण चालवतो ते दिसणार होतं.

दुपारी जेवणं झाली. मामंजी माजघरात घोरायला लागले. मी नवऱ्याच्या सायकलचा बल्ब काढला, त्याला वायरचे दोन तुकडे बांधले, एक पाना घेतला आणि पदर खोचून वाडीत गेले. गडी बाजारात गेला होता. त्याची बायको मुळ्याच्या वाफ्यात बसली होती. मला ट्रॅक्टरपाशी बघून ती उठून आली.

"वैनी, ह्याला काय करता?"

"बघते, सुरू होतो का."

तिने हाताची माती लुगड्याला पुसली. मग म्हणाली, "ह्यो सुरू झाला तं आमी जावाचं कुठं?" आवाज चढवला नाही, रडली नाही. पण तिने मला पाप्यांच्या पंगतीत बसवलं हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं, आणि झोंबलं.

मी तिला समजावलं. उद्या हा बंद असला, तर साहेब म्हणतील मालकाने ट्रॅक्टर ठेवलाय, तोच कसतो. सुरू असला, तर साहेब म्हणतील चालवून दाखवा. मग कोण चालवणार?

"आमचा घरवाला," ती म्हणाली. मग, "आन् मालकांनी सोता धरला तं?"

हे मलाही सुचलं होतं. मामंजींनी पाच मिनिटं, नुसती पाच मिनिटं ते दांडे धरून चार पावलं टाकली असती, तर या बाईचं खोपट माझ्या हातून मोडलं जाणार होतं.

"नाही धरणार," मी म्हटलं. "हाताला तेल लागतं."

तिने तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली, कोणाला ते मी विचारलं नाही, आणि दोरी उचलली.

मी प्लग काढून तारेसकट इंजिनाच्या अंगावर टेकवला. टेकवायच्या जागी रंग होता, तो नखाने खरवडला. तिने हिसका मारला. ठिणगी नाही. मग बल्ब घेतला. त्याची दोन टोकं बॅटरीच्या दोन टोकांना लावली, तर झकास पेटला. म्हणजे बॅटरीची नाहक बदनामी झाली होती. मग बल्बचं एक टोक ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर, जरा रंग खरवडून, दाबून धरलं आणि दुसऱ्या टोकाने करंटचा माग काढायला लागले. किल्लीपाशी बल्ब लागेना. किल्लीच्या अलीकडे लागेना. शेवटी थेट बॅटरीच्या जिवंत टोकाला लावलं, तर तिथेही अंधार. जिच्यावर बल्ब आत्ताच पेटला होता, ती बॅटरी सांगाड्याला टेकताच मेली!

तिथेच चोर सापडला. करंट नुसता जाऊन भागत नाही, त्याला परत यावं लागतं. जाताना तो तारेतून जातो, आणि परत येतो यंत्राच्या उघड्या लोखंडातून. बॅटरीची एक पट्टी त्यासाठीच सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते. रंगाऱ्याने ती पट्टी काढून दोन्ही बाजूंनी रंगवली, तिच्याखालची जागा रंगवली, बोल्टचे आटे रंगवले, आणि सगळं पुन्हा घट्ट आवळलं. लोखंडाला लोखंड टेकलेलं दिसत होतं, पण मधे शेंदरी अस्तर आणि पोपटी रंगाचे दोन हात. आठवडाभर सगळे पंडित जाणाऱ्या तारा बदलत बसले होते. परतीचा रस्ता कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. कसा येईल? ज्यांच्याकडे सगळं फक्त येतंच, त्यांना परत जाण्याचा विचार कशाला सुचेल!

मी पाना लावून बोल्ट सोडला. सासूबाईंचं एक गंजकं उलथनं बरोबर आणलं होतं, त्याने पट्टी आणि खालची जागा लोखंड दिसेपर्यंत खरवडली. इंजिन ज्या बोल्टांनी सांगाड्यावर बसतं तिथेही तीच रंगपंचमी, तिथलंही खरवडलं. बल्ब लागला. पट्टी आवळली, प्लग पुन्हा टेकवला.

"मार."

गड्याच्या बायकोने असा काही हिसका मारला, की ट्रॅक्टर जागचा हलला. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी चटकन उडाली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. त्यापुढे मी काही केलं नाही. प्लग लावला, खरवडलेल्या जागेवर माती चोळली. सुरू करून पाहिला असता तर आवाजाने मामंजी उठले असते. तेव्हा तो दुसऱ्या दिवशी खरंच सुरू होईल की नाही, हे मलाही पक्कं माहीत नव्हतं.

सर्कलसाहेब सकाळी सायकलवरून आले. उन्हाने रापलेला, घामेजलेला, दात दुखत असल्यासारख्या चेहऱ्याचा माणूस. असल्या पाहण्या करून करून त्याचं जगावरचं मन उडालेलं दिसत होतं. मामंजी कडक इस्त्रीचं धोतर आणि कोट घालून सज्ज होते. वाडीच्या मधोमध ट्रॅक्टर, त्याला झेंडूचा हार. लांब विहिरीपाशी गडी खुरपं घेऊन बसलेला, त्याच्या मागे त्याची बायको.

"हा ट्रॅक्टर तुमचा?" सर्कलसाहेबांनी विचारलं.

"माझाच. मीच नांगरतो. मजूर परवडतात कुठे हल्ली? सध्या जरा बंद आहे. पार्ट यायचाय."

स्नेह्यांनी मान डोलावली. मी चहाचा ट्रे घेऊन पुढे झाले.

"चालतो, मामंजी," मी म्हटलं. "काल ठिणगी येत होती. मी बघितली."

मामंजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ट्रेमधली बशीच बोलली. स्नेही घाईघाईने म्हणाले, "सूनबाई सायन्स ग्रॅज्युएट आहेत. त्यांना काय, पुस्तकी—"

"चालतो ना?" सर्कलसाहेबांनी कप उचलला. "मग एक फेरी मारून दाखवा."

मामंजी ट्रॅक्टरपासून दोन पावलांवर उभे होते. दांडे त्यांच्या हाताच्या अंतरावर होते. धरतात की काय हा माणूस! पण मामंजींनी ट्रॅक्टरकडे बघितलंही नाही. त्यांनी सवयीने विहिरीकडे तोंड केलं, काठी उचलली आणि हाक मारली, "अरे ए! घे रे जरा. साहेबांना दाखव."

स्नेह्यांनी त्यांची बाही ओढली. मामंजींनी ती सोडवून घेतली. त्यांना कळलंच नाही काय झालं ते.

गडी आला. हार काढून त्याने बायकोकडे टाकला, किल्ली फिरवली, दोरी गुंडाळली. पहिल्या हिसक्याला काही नाही. दुसऱ्याला इंजिन खोकलं. तिसऱ्याला धडधडत सुरू झालं, आणि सिलिंडरवरचा पोपटी रंग तापून असा काही घाण वास सुटला, की साहेबांनी नाकाला रुमाल लावला. गड्याने दांडे धरले आणि निघाला. बांधापाशी गेल्यावर न सांगता फाळ उचलला, वळला, पहिल्या रेघेला चिकटून दुसरी रेघ ओढत परत आला.

मामंजींचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बघा! बघा कसं सरळ निघतंय!" काठी हवेत डावी-उजवी होत होती. ते नांगरत होते.

"आता तुम्ही घ्या," सर्कलसाहेब म्हणाले.

"मी?"

"तुम्हीच नांगरता म्हणालात ना?"

मामंजी लालबुंद झाले. खोटं पकडलं म्हणून नव्हे. आपल्याला, हेडक्लार्कला, चार लोकांसमोर, दांडे धरायला सांगितले म्हणून. "अहो, मी मालक आहे!" ते कडाडले. "मी कशाला नांगराला हात लावू? त्याच्यासाठी हा आहे. याच्या आधी याचा बाप होता!"

स्नेह्यांनी कप खाली ठेवला. गड्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

सर्कलसाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली. "म्हणजे हा तुमचा पगारी माणूस?"

"अर्थात. पगारी."

"नाव काय याचं?"

"गडी आहे आमचा."

"ते झालं. नाव?"

गडी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांनी हाताने त्याला थांबवलं. "तू नको. मालकांना विचारतोय. पगार देतात म्हणजे नाव माहीत असेल."

मामंजींनी स्नेह्यांकडे पाहिलं. स्नेह्यांनी आकाशाकडे. मग मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मलाही ते माहीत नव्हतं. त्या घरात सगळे त्याला 'अरे ए' म्हणत. मामंजींचे ओठ हलले, पण 'मी'च्या पुढे त्यांना कधी शब्दच लागले नव्हते, ते आता कुठून आणणार?

तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. सासूबाई परक्या पुरुषासमोर कधी बोलत नसत. त्यांनी गड्याचं नाव सांगितलं. मग त्याच्या बापाचं सांगितलं. आणि साहेबांना नीट ऐकू जावं अशा बेताने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "पगार त्याला कधी दिलेला नाही. तोच आपल्याला वाटा देतो."

सर्कलसाहेबांनी ते लिहून घेतलं, उरलेला चहा प्यायला आणि सायकल काढली. वाडी आणि खोपट गड्याकडे राहिलं. मामंजी आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. माझ्या नवऱ्याने जाऊन दोनदा पानं घेतल्याचं सांगितलं, तर ओ दिली नाही. सासूबाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांनी स्वतःचं पान मांडलं आणि जेवायला बसल्या. नवऱ्याच्या आधी जेवताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. वांग्याची भाजी त्यांनी दोनदा घेतली.